ताब्यात घेतल्यापासून अटक दाखवेपर्यंत

मराठी वर्तमानपत्रांच्या गुन्हेवृत्तात एक वाक्य जवळजवळ रोज असतं: 'संशयिताला चौकशीसाठी ताब्यात घेतले.' एकदोन दिवसांनी पुढची बातमी येते: 'संशयिताला अटक, पाच दिवसांची पोलीस कोठडी.' या दोन बातम्यांच्या मधल्या काळात तो माणूस कुठे होता, कुणाच्या समोर बसला होता, रात्री झोपला का, घरच्यांना कळलं होतं का, हे सहसा कुणी विचारत नाही. कायद्याला विचारलं तर तो म्हणेल की असा मधला काळ नसतोच. गुन्ह्याच्या तपासात माणूस एक तर मोकळा असतो, नाही तर अटकेत असतो. तपासाच्या कायद्यात 'ताब्यात घेतलेला, पण अटक न दाखवलेला' अशी तिसरी अवस्था नाही.

पोलीस चौकशीतल्या संशयिताच्या हक्कांबद्दलचे जुने-नवे निकाल या लेखासाठी पुन्हा वाचताना मला हीच गोष्ट खुपत राहिली. आपल्याकडे हक्कांची वाण नाही. गप्प बसण्याचा हक्क आहे, वकिलाचा आहे, कारणं लेखी मिळण्याचा आहे, वैद्यकीय तपासणीचा आहे, चोवीस तासांत न्यायाधीशासमोर उभं राहण्याचा आहे. पण यातले बहुतेक हक्क 'अटक' या एकाच खुंटीला टांगलेले आहेत. आणि चौकशीतले सगळ्यात वाईट तास बहुतेकदा ती खुंटी ठोकण्याआधीचे असतात.

न्यायालयांना हे आजच कळलंय असं नाही. महाराष्ट्रातून गेलेल्या निरंजन सिंग विरुद्ध प्रभाकर खरोटे या प्रकरणात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या शब्दच्छलावर नेमकं बोट ठेवलं होतं. माणूस नियंत्रणात आहे पण अटक नाही, चौकशीला थांबवलाय पण कोठडीत नाही, असली भाषा म्हणजे कायद्याशी लपंडाव आहे, असा त्यांचा रोख होता. ते प्रकरण जामिनाचं होतं, पण मुद्दा सगळीकडे लागू पडतो. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्ये कस्टम्सच्या एका प्रकरणात तो स्पष्टच मांडला: माणसाच्या हालचालीवर बंधन आलं त्या क्षणी अटक सुरू होते; अधिकारी कागदावर कोणती वेळ लिहितो त्यावर ते ठरत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्तवसुली संचालनालयाच्या, म्हणजे ईडीच्या, एका प्रकरणात हाच हिशेब घड्याळ लावून केला. विमानतळावर अडवलेल्या त्या माणसाचा ताबा ईडीने सकाळी घेतला, अटक दाखवली मध्यरात्र उलटल्यावर आणि न्यायालयात नेलं दुसऱ्या दिवशी दुपारी. अटकेच्या कागदावरून मोजलं तर चोवीस तास भरत नव्हते. ताबा घेतल्यापासून मोजलं तर उलटून गेले होते. न्यायालयाने दुसरं मोजमाप धरलं आणि अटक बेकायदा ठरवली.

म्हणजे तत्त्व पक्कं आहे. अडचण पुराव्याची आहे. विमानतळावरच्या नोंदी असतात. गावातून किंवा झोपडपट्टीतून 'चला, साहेबांनी बोलावलंय' म्हणत मोटारसायकलवर मधे बसवून नेलेल्या पोराची वेळ कुणी लिहून ठेवलेली नसते. ठाण्याच्या स्टेशन डायरीत नोंद होते ती ठाणे अंमलदाराला सांगितलं जाईल तेव्हा.

खरं तर नुसतं बोलावण्यासाठीही कायद्याने वाट आखून दिली आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ३५ नुसार, अटकेची गरज नसेल तेव्हा संशयिताला हजर राहण्याची लेखी नोटीस द्यायची असते, आणि तो नोटिशीप्रमाणे येत असेल तर कारणं नोंदवल्याशिवाय त्याला अटक करता येत नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक नको, हे अर्नेश कुमार निकालाने २०१४ मध्येच बजावलं होतं. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस साठीच्या पुढचा किंवा आजारी असेल, तर उपअधीक्षकांच्या परवानगीशिवाय अटक नाही. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, असंही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. साक्षीसाठी बोलावताना तर कलम १७९ आणखी जपून वागायला सांगतं: बाई, पंधरा वर्षांखालचा मुलगा, साठीच्या पुढचा पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं.

हा शेवटचा नियम ज्या प्रकरणात मोडला गेला, त्यातूनच गप्प बसण्याच्या हक्काचा मोठा निकाल उभा राहिला. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना १९७७ मध्ये कटकच्या दक्षता पोलीस ठाण्यात बोलावून प्रश्नांची यादी पुढे ठेवली गेली. त्यांनी उत्तरं द्यायला नकार दिला, म्हणून त्यांच्यावर खटला भरला. १९७८ च्या निकालात कृष्ण अय्यर यांनी संविधानाच्या कलम २०(३) चं संरक्षण न्यायालयाच्या पिंजऱ्यातून ओढून थेट पोलीस ठाण्यात आणलं. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, ही हमी चौकशीच्या टेबलापाशीही लागू आहे. आणि भाग पाडणं म्हणजे फक्त मारहाण नव्हे, तर धमकी, तासन्‌तास ताटकळवणं, मन खचवणं हेही त्यात येतं. बाईला ठाण्यात बोलावणं हाच कायद्याचा भंग होता, हेही त्यांनी सुनावलं. माजी मुख्यमंत्र्यांना हे लढता आलं. बाकीच्यांना हा हक्क आहे हे सांगायला आजही कुणी बांधील नाही. अमेरिकेत १९६६ च्या मिरांडा निकालानंतर पोलीस चौकशीआधी इशारा वाचून दाखवतात. आपल्याकडे सर्वसाधारण कायद्यात तसा इशारा फक्त न्यायदंडाधिकारी देतो, तोही कबुलीजबाब लिहून घेताना.

हक्काला मर्यादाही आहेत. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचा नमुना हे 'साक्ष देणं' नव्हे, असं अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने काठी कालू ओघड प्रकरणात १९६१ मध्ये ठरवलं. आवाजाच्या नमुन्याची भर २०१९ मध्ये पडली. नार्को चाचणीबाबत मुंबई उच्च न्यायालयाने तेलगी मुद्रांक घोटाळ्याच्या तपासात २००४ साली परवानगीच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या सेल्वी निकालाने २०१० मध्ये ते दार बंद केलं: संमतीशिवाय नार्को नाही, पॉलिग्राफ नाही, मेंदूचे आलेखही नाहीत. आता सगळ्यात मोठा प्रश्न मोबाइलच्या पासवर्डचा आहे. अंगठा घेणं आणि डोक्यातला आकडा वदवून घेणं एकच का, यावर न्यायालयांचं एकमत नाही. दिल्लीच्या विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये पासवर्ड सांगण्याची सक्ती नाकारली, इतर ठिकाणी वेगळे सूर उमटले. माझ्या मते पासवर्ड हा मनातला मजकूर आहे आणि त्याला कलम २०(३) ने झाकलंच पाहिजे. आज माणसाच्या फोनमध्ये त्याच्या घरापेक्षा जास्त काही असतं.

वर्तमानपत्रातलं आणखी एक वाक्य इथे आठवतं: 'आरोपी तपासात सहकार्य करत नाही.' कोठडी वाढवून मागताना हे वाक्य हमखास येतं. पण सहकार्य म्हणजे कबुली नव्हे. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये साफ सांगितलं की आरोपीने गुन्हा कबूल केला नाही एवढ्यावरून तो सहकार्य करत नाही असं म्हणता येणार नाही. कोठडीतली चौकशी कबुली काढण्यासाठी नसते. तरीही रिमांडच्या अर्जात ते वाक्य आजही छापील असल्यासारखं सापडतं.

आणि तिसरं वाक्य: 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.' याइतकं दुखावणारं वाक्य मराठी पत्रकारितेत दुसरं नसेल. त्यात एका गुन्ह्याची, म्हणजे मारहाणीची, कौतुकाने नोंद असते. आणि दुसऱ्या गुन्ह्याची जी कबुली सांगितलेली असते तिला न्यायालयात काडीची किंमत नसते. पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम इंग्रजांच्या काळातला आहे आणि तो कुणाच्या दयेपोटी आलेला नाही. १८५४ मध्ये मद्रास इलाख्यात छळाची चौकशी करायला आयोग नेमावा लागला, इतका तो सर्रास होता. १८६१ च्या फौजदारी संहितेत पोलिसांपुढची कबुली बाद झाली आणि १८७२ च्या पुरावा कायद्यात ही बंदी कलम २५ आणि २६ म्हणून बसली. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये ती जशीच्या तशी आहे. कायदा करणाऱ्यांना पोलीस माहीत होते. पोलिसांपुढची कबुली चालणारच नाही म्हटलं की ती काढण्यासाठी हात उचलण्याचं कारणच उरणार नाही, असा तो साधा विचार होता.

पण त्याच कायद्यात एक खिडकी उघडी राहिली. आरोपीच्या सांगण्यावरून काही वस्तू सापडली, तर सांगण्याचा तेवढा भाग पुरावा होतो. जुनं कलम २७, आता कलम २३ चं परंतुक. सुरा, दागिने, रक्ताचे कपडे 'काढून देणं' आणि त्याचा निवेदन पंचनामा हा आपल्या खटल्यांचा कणा झाला आहे तो यामुळे. या खिडकीतून किती मारहाण आत आली असेल याची मोजदाद नाही. वस्तू आधी सापडते, मग आरोपीला तिच्याकडे नेलं जातं. पंच नेहमीचेच, ठाण्याच्या समोरच्या टपरीवरचे, दहा खटल्यांत सही करणारे. वरची न्यायालयं असे पंचनामे वारंवार फेटाळतात. पण तोपर्यंत आरोपीची वर्षं तुरुंगात गेलेली असतात.

महाराष्ट्राने तर दारच उघडलं. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९ च्या मोक्का कायद्याचं कलम १८ म्हणतं की पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालेल. याआधी दहशतवादविरोधी टाडा कायद्यातही अशी तरतूद होती आणि कर्तार सिंग निकालाने १९९४ मध्ये ती वैध ठरवली होती. टाडा गेला, त्याच धर्तीचा पोटा आला आणि गेला, मोक्का राहिला. त्यामागचं गृहीतक असं की हुद्दा मोठा असेल तर हात स्वच्छ असेल. मुंबईच्या लोकलगाड्यांमधल्या ११ जुलै २००६ च्या स्फोटमालिकेने या गृहीतकाची कसोटी घेतली.

पश्चिम रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत संध्याकाळच्या गर्दीत सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं मेली. २०१५ मध्ये मोक्का न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. त्या निकालाचा मोठा आधार पोलीस उपायुक्तांसमोर नोंदवलेले कबुलीजबाब होते. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अनिल किलोर आणि श्याम चांडक यांच्या खंडपीठाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांत शब्दाला शब्द जुळणारे भाग होते. जबाब स्वेच्छेने दिल्याची खात्री करण्याची कायद्याने सांगितलेली पद्धत नीट पाळलेली नव्हती. छळाच्या तक्रारींना वैद्यकीय कागदांचा आधार मिळत होता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला पायंडा म्हणून वापरायला स्थगिती दिली, सुटलेल्यांना परत तुरुंगात मात्र पाठवलं नाही. अंतिम शब्द तिथे लिहिला जाईल. निकालाच्या दिवसापर्यंत बारांपैकी एक जण तुरुंगात असतानाच वारला होता.

या निकालानंतर 'मग स्फोट केले कुणी?' असा संतप्त प्रश्न विचारला गेला, आणि तो अगदी योग्य प्रश्न आहे. बोरिवलीच्या, मीरा रोडच्या ज्या घरांतली माणसं त्या संध्याकाळी परत आली नाहीत, त्यांना एकोणीस वर्षांनी उत्तर मिळालं नाही. पण हा प्रश्न ज्या दिशेने फेकला गेला ती दिशा चुकीची होती. कबुली हातात आली की तपास थांबतो. तिला पूरक पुरावे शोधले जातात, तिच्या विरोधातले सोडून दिले जातात, आणि खरा माग थंड होत जातो. संशयिताचा हक्क आणि बळी गेलेल्याच्या घरच्यांचा हक्क एकमेकांविरुद्ध उभे आहेत, ही समजूत मला म्हणूनच मान्य नाही. मालेगावच्या २००६ च्या स्फोटात पकडलेली माणसं २०१६ मध्ये आरोपमुक्त झाली, तेव्हाही मेलेल्यांच्या नातेवाइकांच्या पदरात काही पडलं नव्हतं.

पोलीस नसलेल्या तपासयंत्रणांची गोष्ट निराळी आहे, पण ती थोडक्यात सांगतो. अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्यांपुढची कबुली तोफान सिंग निकालाने २०२० मध्ये बाद केली. ते कामाने पोलीसच आहेत, असं बहुमताने ठरलं. ईडीचे अधिकारी मात्र पोलीस नाहीत आणि त्यांच्यापुढचे जबाब चालतात, असं २०२२ च्या विजय मदनलाल चौधरी निकालात ठरलं. त्याला २०२४ मध्ये थोडा लगाम बसला: कोठडीत असलेल्या आरोपीने त्याच यंत्रणेला दिलेला, स्वतःला अडकवणारा जबाब चालणार नाही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयापुढे चौसष्ट वर्षांच्या एका व्यावसायिकाचं प्रकरण आलं. त्यांचा जबाब रात्री साडेतीनपर्यंत घेतला गेला होता. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि मंजुषा देशपांडे यांनी अटक रद्द केली नाही, पण झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे आणि संमती असली तरी अशा अपरात्री जबाब घेणं गैर आहे, असं ठणकावलं. त्यानंतर ईडीला आपल्या अधिकाऱ्यांसाठी चौकशीच्या वेळांचं परिपत्रक काढावं लागलं. गावच्या ठाण्यातल्या रात्रीच्या चौकशीसाठी तसं परिपत्रक मला कुठे दिसलेलं नाही.

वकिलाचा हक्क संविधानाच्या कलम २२(१) मध्ये आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ मध्ये तो चौकशीच्या खोलीपर्यंत येतो आणि उंबरठ्यावर थांबतो. अटक झालेल्याला चौकशीदरम्यान आपल्या वकिलाला भेटता येईल, 'पण संपूर्ण चौकशीभर नाही', असं ते कलम म्हणतं. व्यवहारात न्यायालयं वकिलाला नजरेच्या टप्प्यात पण ऐकू येणार नाही अशा अंतरावर बसू देतात. काचेपलीकडचा वकील मारहाण थांबवतो. उलटसुलट प्रश्नांत गुंतत चाललेल्या माणसाला तो सावरू शकत नाही. आणि तेवढाही वकील कोठडीतल्या किती जणांना मिळतो? कोठडीतल्या प्रत्येकाला फुकट कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे, ठाण्याच्या पातळीवर वकील पुरवण्याची २०१९ ची योजनाही आहे. वकिलाच्या हक्काची आठवण करून दिली ती कसाबच्या खटल्याने. २६/११ च्या त्या आरोपीला वकील द्यावा की नाही यावरून मुंबईत किती तापलं होतं, ते आपण पाहिलं आहे. २०१२ मध्ये त्याची फाशी कायम करतानाच सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या दंडाधिकाऱ्यांना आदेश दिला: आरोपी पहिल्यांदा समोर आला की त्याला वकिलाचा हक्क समजावून सांगा, वकील नसेल तर सरकारी खर्चाने द्या, यात कसूर झाली तर खातेनिहाय कारवाई होईल. देशाला ज्याचा सर्वाधिक राग होता त्याच्या निकालात सगळ्यांचा हक्क लिहिला गेला, याचं मोल मला फार वाटतं.

गेल्या तीनेक वर्षांत सर्वात वेगाने पुढे सरकलेला भाग आहे तो अटकेच्या कारणांचा. अटक का केली हे सांगायचं असतं, हे जुनंच. पण 'सांगितलं होतं' एवढ्यावर भागत असे. पंकज बन्सल प्रकरणात २०२३ मध्ये ईडीला आणि प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात २०२४ मध्ये दहशतवादविरोधी यूएपीए कायद्याखाली अटक करणाऱ्या पोलिसांना कारणं लेखी देणं बंधनकारक झालं. मग ६ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईतल्या वरळीच्या मोटार अपघाताच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाने हा नियम सगळ्या गुन्ह्यांना लावला. कारणं लेखी, आरोपीला समजणाऱ्या भाषेत. तत्काळ शक्य नसेल तर आधी तोंडी, पण रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद त्याच्या हातात. भाषेचा हा धागा जुना आहे. नागपूरच्या हरिकिसन प्रकरणात १९६२ मध्येच न्यायालयाने म्हटलं होतं की हिंदी जाणणाऱ्या माणसाला इंग्रजी कागद देणं म्हणजे न देण्यासारखं आहे. गडचिरोलीत माडिया बोलणाऱ्या माणसाला मराठी कागद दिला तर तो नियम पाळला गेला का? भिवंडीच्या यंत्रमागावरच्या बंगाली कामगाराचं काय? नव्या निकालाचा खरा कस इथे लागेल.

हे सगळे हक्क जिथे तपासायचे ती जागा म्हणजे दंडाधिकाऱ्याचं न्यायालय. तालुक्याच्या न्यायालयात रिमांडच्या वेळी जो कधी बसला असेल त्याला हे दृश्य ओळखीचं आहे. बाकीच्या कामाच्या गर्दीत आरोपीला आणतात, त्याचा हात शिपायाच्या हातात असतो. 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार?' असा प्रश्न येतो. 'नाही साहेब,' असं उत्तर येतं. पुढचा पुकारा होतो. ज्याला अर्ध्या तासाने त्याच ठाण्यात परत जायचं आहे तो दुसरं काय म्हणेल? हा प्रश्न विचारणं बंधनकारक झालं ते एका पत्रकार बाईंमुळे. शीला बारसे यांनी मे १९८२ मध्ये मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयाने ते याचिका म्हणून घेतलं, निर्मला निकेतनच्या संचालिकांना तुरुंगात पाठवून अहवाल मागवला. फेब्रुवारी १९८३ च्या निकालात महिलांसाठी वेगळी कोठडी, महिला पोलिसांच्या समक्षच चौकशी, अटकेची खबर विधी साहाय्य समितीला, आणि दंडाधिकाऱ्याने छळाची तक्रार आहे का हे विचारणं, असे आदेश निघाले. महाराष्ट्राच्या अनुभवातून निघालेले हे आदेश पुढे देशभर संदर्भ म्हणून घेतले गेले. प्रश्न मात्र शिपायाला बाहेर पाठवून विचारावा, एवढं साधं पाऊल अजून सवयीचं झालेलं नाही.

दुसरा तपासनीस डॉक्टर. पश्चिम बंगालच्या डी. के. बसू यांच्या १९८६ च्या पत्रातून आलेल्या १९९६ च्या निकालाने अटकेचा मेमो, नातेवाइकाला खबर, अंगावरच्या जखमांची नोंद, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी असे अकरा नियम घालून दिले, आणि त्यातले बरेच पुढे कायद्यात आले. सरकारी रुग्णालयात मात्र आरोपीला पोलीसच आणतात, पोलीसच शेजारी उभे राहतात, आणि 'ताज्या जखमा नाहीत' असं दोन ओळींत लिहून काम उरकतं. तळपायावरचे वण बघायला चपला काढायला सांगाव्या लागतात.

नव्या संहितेतला एक बदल मला खरोखर काळजीत टाकतो. पोलीस कोठडीचे जास्तीत जास्त पंधरा दिवस पूर्वी पहिल्या पंधरवड्यातच संपत. आता कलम १८७ नुसार ते तुकड्यातुकड्यांनी, गुन्ह्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत मागता येतात. न्यायालयीन कोठडीत गेलेल्या माणसाने तोंड उघडायचं ठरवलं तरी परत ठाण्यात नेलं जाण्याची टांगती तलवार त्याच्या डोक्यावर राहते. कबुलीजबाब द्यायला नकार देणाऱ्याला पोलिसांच्या ताब्यात देऊ नये, असं कलम १८३ दंडाधिकाऱ्याला सांगतं ते याच भीतीपोटी. एका कलमाने ओळखलेली भीती दुसऱ्या कलमाने लांबवली आहे.

कॅमेऱ्यांवर बरीच आशा ठेवली गेली. वडाळा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातल्या एका तरुणाच्या मृत्यूनंतर मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये राज्यातल्या सगळ्या ठाण्यांत कॅमेरे बसवायला सांगितलं. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाने ते देशभर लागू केलं: दारं, कोठड्या, व्हरांडे, चौकशीच्या खोल्या, आवाजासह, अंधारातही दिसेल असं, आणि चित्रण अठरा महिने जपून. सप्टेंबर २०२५ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंची बातमी वाचून सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून हाच विषय पुन्हा हातात घ्यावा लागला. कॅमेरा बंद होता, हार्ड डिस्क बिघडली होती, नेमका तो कोपरा दिसत नव्हता, ही उत्तरं आता पाठ झाली आहेत. आणि चौकशी ठाण्याबाहेरच्या एखाद्या क्वार्टरमध्ये किंवा लॉजवर झाली तर कॅमेरा काय टिपणार?

ही मारहाण सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण चोरी झाली की आधी पारध्यांचं पाल उठवायचं ही सवय गेली नाही. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतरच्या आंदोलनात धरलेला कायद्याचा एक विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मेला. गुन्हा नोंदवण्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावं लागलं, आणि त्या आदेशाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे ते हरलं. कबुलीसाठी मारहाण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली सात ते दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. पण कोठडीत साक्षीदार कोण? विधी आयोगाने १९८५ मध्ये, आपल्या ११३ व्या अहवालात, सुचवलं होतं की कोठडीत जखम झाली असेल तर ती पोलिसांनी केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं. ही सूचना चाळीस वर्षं पडून आहे. २०२३ चा नवा पुरावा कायदा करतानाही ती घेतली नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, अनुसमर्थन अजून केलेलं नाही. २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालेलं छळविरोधी विधेयक तसंच विरून गेलं.

पोलिसांची बाजूही बघायला हवी. तपास अधिकाऱ्याकडे एका वेळी ढीगभर गुन्हे असतात, मधेच गणपतीचा बंदोबस्त लागतो, न्यायवैद्यक अहवाल महिनोन्‌महिने येत नाही, आणि वरून 'चोवीस तासांत छडा लावा' असा फोन येतो. अशा अधिकाऱ्याला कबुली हा एकच जवळचा रस्ता दिसतो. तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची माणसं वेगळी करा, असं प्रकाश सिंग निकालाने २००६ मध्ये सांगितलं ते यासाठीच. इंग्लंडही या वाटेने गेलं आहे. बर्मिंगहॅमच्या १९७४ च्या स्फोटांत सहा निरपराध माणसांना कबुलीच्या आधारे जन्मठेप झाली आणि ती १९९१ मध्ये सुटली. त्या काळात तिथे चौकशीचं ध्वनिमुद्रण, ठाण्यातच फुकट वकील आणि एक वेगळा अधिकारी अशी व्यवस्था उभी राहिली. हा अधिकारी तपास करत नाही. माणूस ठाण्यात कधी आला, कधी जेवला, कधी झोपला, कधी सोडायचा, एवढंच त्याचं काम. आपल्या कलम ३७ मध्येही प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी नेमायला सांगितलं आहे, सहायक उपनिरीक्षकाच्या खालचा नको. पण त्याच्या यादीत अटक झालेल्यांचीच नावं येतात. 'ताब्यात घेतलेल्यांची' नाहीत. कायद्यात एका ओळीची भर घातली, की ठाण्याचा उंबरा ओलांडणाऱ्या प्रत्येकाची वेळ लिहा, तर वरचे अर्धे हक्क जिवंत होतील.

ती ओळ येईपर्यंत वेळ लिहिण्याचं काम घरच्यांनाच करावं लागतं. जुने वकील यासाठी एक युक्ती सांगत. माणूस उचलून नेला की लगेच पोस्टात जाऊन पोलीस अधीक्षकाला आणि दंडाधिकाऱ्याला तार करायची: अमक्याला अमक्या वाजता अमक्या ठाण्यात नेलं आहे. तारेवर सरकारी शिक्का आणि वेळ असे. पुढे स्टेशन डायरीत दोन दिवसांनंतरची अटक दाखवली गेली, तर ती तार न्यायालयात पुढे करता येई, आणि न्यायालयं तिचं वजन मानत. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. आता तेच काम ई-मेल करतो, पोलीस अधीक्षक आणि न्यायालयाच्या पत्त्यावर, नेलेल्या माणसाचं नाव, ठाणं आणि घड्याळातली वेळ लिहून.